गिरिजम्मांच्या पाच पाट्या

गिरिजम्मा जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या काखेत एक लाकडी पाटी होती आणि नाकाच्या शेंड्यावर राग होता.

"चोरी झालीय," त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या.

रंगस्वामींनी लगेच वही उघडली. तीस वर्षं म्हैसूरच्या पोलिसांत हेडकॉन्स्टेबल म्हणून घालवलेला माणूस. चोरी म्हटलं की हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा. "काय गेलं?"

"पाटी."

"ती तर तुमच्या काखेत आहे."

"ही सहावी. आधीच्या पाच गेल्या."

टेबलापलीकडे बसलेल्या मल्लाजम्मण्णी अरस हसल्या. सगळा अग्रहार भाग त्यांना नुसतं अम्मण्णी म्हणायचं. बुटक्या, गोऱ्या, अठ्ठावन्न वर्षांच्या. खाली कॉफीपावडरचं दुकान आणि वर अम्मण्णी आणि मदतनीस रंगस्वामी यांची कचेरी, त्यामुळे इथं येणारं प्रत्येक संकट कॉफीच्या वासातच ऐकलं जायचं. धंदा मुख्यतः लग्नाआधीच्या चौकश्यांचा. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं ठरलं होतं का, असलंच सगळं. त्यामुळे पाटीचोर म्हटल्यावर बाईंचे डोळे चमकले.

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "कसली पाटी?"

गिरिजम्मांनी ती टेबलावर उभी केली. 'घर भाड्याने देणे आहे', आणि खाली फोन नंबर.

हकीकत अशी होती. गिरिजम्मा चौतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशांत थोडं बँकेचं कर्ज घालून त्यांनी सरस्वतीपुरमात, आपल्या राहत्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एक छोटं बैठं घर घेतलं. भाड्यानं द्यायला. भाड्यात बँकेचा हप्ता जाईल, आणि म्हातारपणी कुणापुढं हात पसरायला नको.

"सगळ्यांनी वेड्यात काढलं," त्या म्हणाल्या. "आमच्या यजमानांनी तर पहिल्यांदा. 'नर्सबाई आता जमीनदारीण होणार' म्हणाले. मी म्हटलं, होणार. तेव्हापासून दोन महिने झाले, आमचं बोलणं बंद आहे."

"घरात बोलतच नाही?" रंगस्वामींनी विचारलं.

"सुनेमार्फत बोलतो. ते जाऊ द्या. रोज संध्याकाळी मी फाटकाला पाटी बांधते, सकाळी पाटी गायब. पाटीच नाही तर फोन कोण करणार? आणि अमावास्येला आठ दिवस राहिले."

अम्मण्णींनी मान डोलावली. अमावास्या झाली की आषाढ, आणि आषाढात म्हैसूरमध्ये कुणी घर बदलत नाही. महिनाभर सगळ्या पाट्या नुसत्या वाऱ्यावर हलत राहतात.

"मग श्रावणात द्या," रंगस्वामी म्हणाले.

"जमायचं नाही ना." गिरिजम्मांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "त्या घराशेजारच्या दाक्षायणीला ते पाहिजे. तिचं बायकांचं पीजी आहे, तिला वाढवायचंय. मागच्या महिन्यात ती म्हणाली, 'तुम्हाला हा धंदा झेपणार नाही, मला द्या.' मीही तोऱ्यात बोलून गेले, आषाढाआधी भाडेकरू मिळाला नाही तर घर तुझं. चार बायकांसमोर बोलले, अम्मण्णी. शब्द कसा फिरवू?"

"ह्या शब्दाचं घरी माहीत आहे?"

"कसं असेल? बोलतोय कोण."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या कमरेला, एक घरी देवाच्या फोटोमागं खिळ्याला. दलालाला दिली नाही. तो मागत होता."

"घरात बाकी कसं काय? सून, मुलगा?"

"मुलगा हुबळीला रेल्वेत. चैत्रात लग्न केलं. सून गुणाची आहे, हेमलता नाव. बाकी ठीकच म्हणायचं. फक्त हल्ली कॉफी सात वाजेपर्यंत मिळत नाही, सकाळचा सगळा राग तिथूनच सुरू होतो." त्या उठल्या. "अम्मण्णी, त्या घरात माझी चौतीस वर्षांची रात्रपाळी आहे. कोण पाटी चोरतंय तेवढं सांगा, मी त्याला इंजेक्शन न देता सरळ करते."

त्या गेल्यावर रंगस्वामींनी वहीत एकच नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

"दाक्षायणी?" अम्मण्णींनी वही न बघता विचारलं.

"पाटी गेली तर घर कुणाचं? तिचं. संपलं. दुपारच्या जेवणाआधी उरकू."

"जेवणाचं नंतर बघू. आज पाटी बांधू द्या आणि उद्या सकाळी चला."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोघं सरस्वतीपुरमच्या अकराव्या क्रॉसला, म्हणजे अकराव्या आडव्या गल्लीत, पोचले. सहावी पाटी नव्हती.

पिवळ्या रंगाचं नीटनेटकं घर. पुढं ओटा, लोखंडी फाटक. फाटकाशेजारी महादेवम्मा फुलवाली मोगऱ्याचे गजरे करत बसली होती. रंगस्वामींनी फाटकाच्या गजाला हात लावला. तिथं तार होती. तुटलेली नव्हती. कुणीतरी पिळे उलगडून तिचं छान वेटोळं केलं होतं आणि गजालाच अडकवून ठेवलं होतं.

"चोर व्यवस्थित आहे," अम्मण्णी म्हणाल्या.

"घाईत कापायला पक्कड नसेल," रंगस्वामी म्हणाले. वहीत लिहिलं, पक्कड नाही.

महादेवम्माला विचारलं तेव्हा तिनं दोरा दातात धरूनच उत्तर दिलं. "साडेपाचला दूधवाला जातो, तेव्हा पाटी असते. तोच सांगतो मला. सहाला मी येते, तेव्हा नसते. त्या अर्ध्या तासात जाते बघा."

"कुणी संशयास्पद?"

"त्या वेळी सगळेच फिरायला नाहीतर दुधाला निघालेले असतात. कानटोपीत सगळे सारखेच दिसतात." मग काहीतरी आठवून तिनं दोरा दातातून काढला. "परवा संध्याकाळी मात्र एक जोडपं आलं होतं. कुणाकडून तरी ऐकून आले असतील. भिंतीच्या आतून एक पुरुष त्यांच्याशी बोलला. म्हणाला, 'आत्ता नाही, श्रावणात या. नक्की या.' आणि त्यांचं नाव-गाव विचारत होता. मला वाटलं दलालच आहे."

"तोंड पाहिलंस?"

"मी बसलेली, मध्ये भिंत. नुसता आवाज. गोड होता आवाज."

गिरिजम्मांनी दिलेल्या किल्लीनं त्यांनी घर उघडलं. रिकामं घर. पुढची खोली, स्वयंपाकघर, एक झोपायची खोली, मागं छोटं अंगण. रंगस्वामींना पाहण्यासारखं काहीच दिसलं नाही, म्हणून ते खिडकीतून दिसणाऱ्या उडप्याच्या हॉटेलाकडे बघत उभे राहिले. अम्मण्णी मात्र फिरत होत्या.

"फळ्यांवर नवा कागद घातलाय," त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "परवाचं वर्तमानपत्र आहे. कडा कशा दुमडल्यात बघा, सरळ पट्टीनं."

"आधीच्या मालकानं घातला असेल."

"परवाचं वर्तमानपत्र, रंगस्वामी. आधीचा मालक चार महिन्यांपूर्वी गेला." मग त्या अंगणात गेल्या. कुंडीत तुळस होती आणि माती ओली होती. झोपायच्या खोलीत भिंतीवर एक नवा आरसा टांगलेला होता, कडेला टिकल्या चिकटवायला जागा सोडलेली. अम्मण्णी त्यासमोर उभ्या राहिल्या आणि हसू लागल्या.

"काय झालं?"

"मला फक्त माझं कपाळ दिसतंय. तुम्ही या."

रंगस्वामी आले. त्यांना मिशांपर्यंत सगळं दिसलं. आरशात बघून त्यांनी मिशी सारखी केली. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मात्र त्यांना कळलं नाही.

बाहेर येतात तोच समोर केंपण्णा उभा. ह्या भागातला दलाल. हातात तीन फोन, कपाळावर विभूती. कुणी कुलूप उघडलं की ह्याला आपोआप समजत असावं.

"घर बघताय का साहेब? माझ्या हातून घ्या."

"पाट्या तू काढतोस का?" रंगस्वामींनी पोलिसी आवाज काढला.

केंपण्णा जराही घाबरला नाही. "काढाव्यात असं रोज वाटतं. मालकानं स्वतःची पाटी लावली म्हणजे आमच्या पोटावर पाय. पण साहेब, मी पाटी काढली तर लगेच गिऱ्हाईक घेऊन त्यांच्या दारात उभा राहीन ना? मला चार दिवसांत भाडेकरू बसवायचाय, आषाढात आमचा धंदा झोपतो. किल्ली मागितली तर बाई अंगावर आल्या."

"परवा संध्याकाळी इथं होतास?"

"मेव्हण्याच्या साखरपुड्याला नंजनगूडला होतो. फोटो दाखवू का?" आणि त्यानं दाखवलेही, अकरा. प्रत्येकात तो जेवत होता.

दाक्षायणीचं पीजी भिंतीला भिंत लागून. स्वतः दाक्षायणी दारातच मिळाली. धिप्पाड, हसरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिच्याशी बोलता बोलता रंगस्वामींची नजर मागच्या पाण्याच्या हौदावर गेली. हौदावर झाकण म्हणून एक पाटी ठेवलेली होती. 'घर भाड्याने देणे आहे'.

"अम्मण्णी," ते विजयी आवाजात म्हणाले, "बघा."

"त्यात काय बघायचं?" दाक्षायणी म्हणाली. "त्यांच्याच मागच्या भिंतीपाशी गठ्ठा होता पाट्यांचा. चार बांधलेल्या होत्या, एक सुटी. सुटी होती ती मी उचलली. मला वाटलं, बाईंनी टाकून दिल्या. गठ्ठा अजून तिथंच असेल, कपडे धुवायच्या दगडामागं."

तिथं खरंच गठ्ठा होता. त्यात आता कालचीही पाटी होती. पाच पाट्या, तोंडाला तोंड लावून, वर गोणपाट, त्यावर सुतळीची आडवी-उभी बांधणी आणि धरायला वर एक कडी केलेली. अम्मण्णींनी त्या गाठीकडे बराच वेळ पाहिलं. रंगस्वामींचा हिरमोड झाला. चोरी म्हणावी तर माल मालकाच्याच अंगणात.

"तुम्हाला हे घर खरंच पाहिजे?" अम्मण्णींनी दाक्षायणीला विचारलं.

"पाहिजे की. खोटं कशाला बोलू. गिरिजम्मांनी शब्द दिलाय. माझ्याकडे खाटा पुरत नाहीत. परवाच एक नवी नवरी आली होती, हिरव्या बांगड्या अजून हातात. म्हणाली, एकाच महिन्यासाठी खाट मिळेल का. मी म्हटलं, बाई, महिन्यासाठी कोण देतं? कमीत कमी सहा महिने. बिचारी तशीच गेली."

"बुटकी होती?"

"तुमच्याएवढी असेल."

अम्मण्णींनी "हं" केलं आणि मग एकदम म्हणाल्या, "रंगस्वामी, कॉफी प्यायला गिरिजम्मांच्या घरी जाऊ."

गिरिजम्मांच्या घरात शिरताक्षणी रंगस्वामींना कळलं की इथं कुणाशी काय बोलावं याचा नियम आहे. गिरिजम्मा दिवाणावर, त्यांचे यजमान सिद्धराजू दाराजवळ जमिनीवर, आणि मध्ये सून हेमलता. सिद्धराजू उंच, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल असे. पोस्टात पार्सल विभागात होते. आता रद्दीवाला येणार म्हणून जुनी वर्तमानपत्रं बांधत बसले होते. आडवी सुतळी, उभी सुतळी, वर कडी.

"हेमा, तुझ्या आत्याबाईंना सांग, पाहुणे आलेत तर पंखा लाव म्हणावं."

"हेमा, तुझ्या मामंजींना सांग, पंख्याचं बटण त्यांच्याच डोक्यावर आहे."

हेमलता दोघांकडे बघून हसली आणि स्वतःच पंखा लावला. त्यासाठी तिला स्टुलावर चढावं लागलं.

कॉफी छान होती. रंगस्वामींनी तसं सांगितलं. "सकाळची वेळ मात्र चुकते म्हणे," ते म्हणाले.

"दूध उशिरा येतं," हेमलता म्हणाली. "मामंजी सव्वापाचला जातात आणि साडेसहाला येतात."

"बूथ लांब आहे?"

"कोपऱ्यावरच आहे." ती पुन्हा हसली. "मामंजींना चालायची हौस."

सिद्धराजूंनी सुतळी दातानं तोडली आणि कुणाकडेच पाहिलं नाही.

भिंतीवर लग्नाचा फोटो होता. मुलाकडची माणसं इतकी की फ्रेमबाहेर गेलेली. मुलीच्या बाजूला एकच म्हातारी बाई, पांढऱ्या साडीत.

"ह्या तुमच्या आई?" अम्मण्णींनी विचारलं.

"आमच्या अनाथाश्रमाच्या मेट्रन. मी तिथंच वाढले. त्यांनीच कन्यादान केलं. आता त्या मंगळुरूला भाचीकडे असतात, आश्रम बंद झाला ना."

"आणि आषाढात तुम्ही?"

हेमलतेनं कपबश्या गोळा करायला घेतल्या. उत्तर गिरिजम्मांनीच दिलं. "जाईल ना कुठंतरी. अजून आठ दिवस आहेत. आधी माझ्या पाटीचं बघा."

रंगस्वामी लग्न झालेले, तीन मुलींचे बाप. नव्या नवरीचा पहिला आषाढ म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं. सासू आणि सून एका उंबऱ्यातून जात नाहीत, नवरा-बायकोनंही वेगळं राहायचं. पोरी माहेरी जातात, महिनाभर लोळतात, वजन वाढवून परत येतात. त्यांनी ते मनात आणलं, आणि मग होळिगे, म्हणजे तिकडची पुरणपोळी, आली म्हणून ते मनातून गेलं.

बाहेर पडताना मात्र त्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "अम्मण्णी, सून! घरात आरसा, टिकल्यांची जागा, तुळस. किल्ली घरात खिळ्याला. पाट्या तीच काढतेय."

"आज तुम्ही गल्ली बरोबर पकडलीत," अम्मण्णी म्हणाल्या. "घर चुकलं. संध्याकाळी सगळ्यांना पिवळ्या घरी बोलवा. दाक्षायणीलाही."

पाच वाजता सगळे ओट्यावर जमले. महादेवम्मानं गजरे वाटले. केंपण्णाला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो आला होता. गिरिजम्मा एका टोकाला, सिद्धराजू दुसऱ्या टोकाला, मध्ये हेमलता. दाक्षायणीनं स्वतःची खुर्ची आणली होती.

अम्मण्णी फाटकाला टेकून उभ्या राहिल्या.

"गिरिजम्मा, तुमचं वाईट व्हावं असं वाटणारा माणूस पाटी काढतो तेव्हा ती फेकतो, जाळतो, निदान तार तरी तोडतो. ह्यानं तारेचं वेटोळं करून ठेवलं, की उद्या तुम्हाला नवी तार आणायला लागू नये. पाट्या गोणपाटात बांधून तुमच्याच अंगणात ठेवल्या. ह्याला तुमचा एक पैसाही वाया घालवायचा नाही. तेव्हा शत्रू नाही."

"मग मी सुटले," दाक्षायणी म्हणाली.

"तुम्ही आणखी एका कारणानं सुटलात. चोरानं त्या जोडप्याला सांगितलं, 'श्रावणात या, नक्की या.' तुम्हाला इथं भाडेकरू कधीच नको. केंपण्णाला आजच्या आज पाहिजे. श्रावणात पाहिजे असा माणूस तिसराच. त्याला घर भाड्यानं जायला हवंय. फक्त मधला एक महिना ते रिकामं हवंय."

"आषाढात तसंही कुणी येत नाही," रंगस्वामी म्हणाले.

"नवं कुणी येत नाही. पण ह्या आठ दिवसांत जो येईल तो आषाढात इथं राहत असेल. म्हणून ही घाई." अम्मण्णींनी घराकडे बोट केलं. "आता आत बघा. फळ्यांवर कागद, अंगणात तुळस, भिंतीवर आरसा. कुणीतरी हे घर एका बाईसाठी तयार करतंय. कुलूप तोडलेलं नाही, म्हणजे किल्ली खिळ्यावरची. माणूस घरातलाच."

गिरिजम्मांनी सुनेकडे पाहिलं. हेमलतेचा चेहरा पांढरा पडला. "आत्याबाई, मी नाही. शप्पत."

"ती नाही," अम्मण्णी म्हणाल्या. "तिनं आरसा टांगला असता तर तिला त्यात तोंड दिसलं असतं. ती माझ्याएवढी आहे, आणि मला दिसलं फक्त कपाळ. तो आरसा एका उंच माणसानं स्वतःच्या डोळ्यांच्या मापानं लावलाय. त्या माणसानं पोस्टात तीस-पस्तीस वर्षं पार्सलं बांधलीत, त्यामुळे त्याला पाट्यासुद्धा आडव्या-उभ्या सुतळीनं आणि वर कडी करूनच बांधता येतात. आणि त्याला कोपऱ्यावरून दूध आणायला सव्वा तास लागतो."

 सगळ्यांच्या माना हळूहळू ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वळल्या.

सिद्धराजूंनी घसा खाकरला. "हेमा, तुझ्या आत्याबाईंना सांग—"

"मी इथंच बसलेय," गिरिजम्मा म्हणाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा थेट त्यांच्याकडे बघून. "मलाच सांगा."

सिद्धराजूंना ते जड गेलं. पण त्यांनी सांगितलं.

"पोरीनं माळ्यावरून आश्रमातली पत्र्याची ट्रंक काढली. पुसली. मी विचारलं, कुठं निघालीस? तर नुसती हसली. मला ते हसू सहन झालं नाही, गिरिजा. सगळ्या पोरी आषाढात माहेरी जातात. तुझ्या घरात राहायचं नाही, आपल्या पोराकडे जायचं नाही, हिनं जायचं कुठं? मला हे घर दिसलं. म्हटलं, एक महिना ह्याचंच माहेर करावं. मागून पाटी पुन्हा लावली असती."

"मग मला सांगायचं ना."

"कुठल्या तोंडानं? ह्या घराचं नाव तोंडात घेणार नाही म्हणालो होतो. चांगलं घर आहे, तेही कबूल करावं लागलं असतं."

"अहो, ह्या आठ दिवसांत भाडेकरू मिळाला नाही तर हे घर दाक्षायणीला द्यायचं असा शब्द दिलाय मी."

सिद्धराजू उभेच राहिले. त्यांचा चेहरा बघून रंगस्वामींना वाटलं, ह्या माणसाला पाणी द्यावं. "मला कुणी सांगितलं नाही," ते एवढंच म्हणाले. "मी तुझंच घर घालवत होतो?"

 गिरिजम्मा सुनेकडे वळल्या. "आणि तू? कुठं जाणार होतीस?"

हेमलतेनं मान खाली घातली. दाक्षायणीनंच तोंड उघडलं. "अगं बाई, ती हीच की. एका महिन्यासाठी खाट मागायला आलेली."

"चौतीस वर्षं," गिरिजम्मा म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी परक्यांना खाटा दिल्या. वॉर्डात जागा नसली तर व्हरांड्यात दिल्या. आणि माझ्या घरातली पोर खाट मागत शेजारी फिरली. मी म्हटलं, जाईल कुठंतरी. असं म्हटलं मी." त्यांनी हेमलतेचा हात धरला तो सोडलाच नाही.

महादेवम्मा पदरानं डोळे पुसत होती. रंगस्वामीही पुसत होते, पण घाम म्हणून.

"आता रडणं पुरे," अम्मण्णी म्हणाल्या. "सिद्धराजू, ज्यांना श्रावणात या म्हणालात त्यांची नावं कुठं आहेत? पोस्टातला माणूस पत्ता लिहून घेतल्याशिवाय राहणार नाही."

सिद्धराजूंनी सदऱ्याच्या खिशातून छोटी डायरी काढली. सात कुटुंबं. नाव, पत्ता, पिनकोड, आणि पुढं शेरा.

गिरिजम्मांनी ती ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचली. "'चौघं. कुत्रा आहे, पण मोठा नाही.' 'तिघं भाऊ. भांडी कोण घासतं विचारलं, उत्तर नाही.' 'नवरा-बायको, मंड्याहून बदली. शाळामास्तर. घराच्या भिंतीला पाठ न टेकता उभे राहिले.'" त्या थांबल्या. "हे का लिहिलंत?"

"नवा रंग आहे. मळू नये म्हणून. दुसऱ्याचं घर सांभाळणारी माणसं."

"आणि म्हणे मला जमीनदारी जमणार नाही. ह्यांना जमते तर." गिरिजम्मा हसल्या. "मास्तरांना फोन लावा."

केंपण्णानं तिन्ही फोन पुढं केले. मास्तर दुसऱ्याच रिंगला फोनवर आले. ठरलं असं की शुक्रवारी, अमावास्येच्या आधी, मास्तर बायकोला घेऊन येतील, नव्या घरात दूध उतू घालतील, अॅडव्हान्स देतील. सामान मात्र श्रावणात आणतील. मास्तर म्हणाले, आम्हालाही तेच बरं, बायको आषाढात तिच्या आईकडेच असते.

"दूध आषाढाआधी उतू गेलं म्हणजे भाडेकरू आषाढाआधी मिळाला," अम्मण्णींनी दाक्षायणीकडे पाहिलं. "कबूल?"

दाक्षायणीनं थोडा विचार केला, मग किल्ल्यांचा जुडगा हलवत हसली. "कबूल. पण हौदावरची पाटी मी देणार नाही. अगदी मापाची बसलीय."

"आणि मधल्या महिन्याचा हप्ता?" रंगस्वामींनी विचारलं. त्यांना वाटलं, निदान एक तरी प्रश्न आपण बरोबर काढला.

"भाडं मी देणार," सिद्धराजू म्हणाले. "पेन्शनमधून. पोरीच्या माहेरचा खर्च बापानं करायचा असतो. पावती मात्र पाहिजे."

गिरिजम्मांनी त्यांच्याकडे पाहिलं. "कपात नाही हं. जमीनदारीण आहे मी."

"कळलं, मालकीणबाई."

हेमलता मध्ये बसली होती. आता निरोप पोचवायचं काम उरलं नव्हतं, म्हणून ती एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत राहिली. आणि मग ती इतकी मनापासून हसली की सिद्धराजूंनी पटकन दुसरीकडे तोंड फिरवलं.

आषाढाच्या पहिल्या दिवशी अम्मण्णी आणि रंगस्वामी तिकडून जात होते. निदान अम्मण्णी तसं म्हणाल्या. फाटकाला सहावी पाटी उलटी टांगलेली होती, तारेनं नीट पिळून. मागच्या कोऱ्या बाजूवर पार्सलावरच्यासारख्या जाड अक्षरांत लिहिलं होतं: हेमलता, अकरावा क्रॉस, सरस्वतीपुरम. आणि पिनकोड. आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीच्या नावाचा पत्ता झाला होता.

आरसा एक वीत खाली आला होता. हे महादेवम्मानं सांगितलं.

ओट्यावर गिरिजम्मा बसल्या होत्या, मांडीवर डबा. उंबऱ्याच्या आत हेमलता, तिच्याही मांडीवर डबा. मध्ये नुसता उंबरा.

"सासूनं येऊ नये ना आषाढात?" रंगस्वामींनी फाटकातून विचारलं.

"उंबरा ओलांडू नये," गिरिजम्मा म्हणाल्या. "ओट्याबद्दल कुणी काही म्हटलेलं नाही. आणि हे बघा, मी आता सासू म्हणून आलेच नाहीय. घरमालकीण आहे, भाडेकरू नीट राहतेय की नाही ते बघायला आलेय." मग त्यांनी डब्यातली होळिगे उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवली. "खा गं. माहेरी आलीस, वाळून परत गेलीस तर लोक मला नावं ठेवतील."